सहा महिन्यांच्या आत

३ ऑगस्ट, सोमवार

कुलगुरूंनी सकाळी बोलावून घेतलं. मी खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, "तुमच्याइतका निःपक्ष माणूस या विद्यापीठात दुसरा नाही." असं कौतुक कानावर पडलं की मागून ओझं येतं, हे इतक्या वर्षांच्या नोकरीत कळलंय. ओझं आलंच. छळ-प्रतिबंधाची नवी नियमावली लिहायची, सहा आठवड्यांत. समिती तिघांची: अध्यक्ष मी, दुसऱ्या ग्रंथपालबाई, आणि विद्यार्थ्यांतर्फे गणिताच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रंथालयाच्या व्हरांड्यात विद्यार्थ्यांचा फलक आहे. इतिहास विभागातल्या एका संशोधक मुलीने गेल्या आठवड्यात त्यावर दोन पानांचा लेख लावला. मथळा 'कडी'. मार्गदर्शक प्रबंधाचं प्रकरण तपासायला केबिनमध्ये बोलावतात, दाराला आतून कडी घालतात, खुर्ची जवळ ओढतात, असं त्यात आहे. नाव कोणाचंच नाही. पण त्या विभागात मार्गदर्शक चार, त्यातल्या तिघी बायका. उरला विभागप्रमुख, म्हणजे माझा तीस वर्षांचा मित्र. राजेमहाराजे शिकवतो आणि चालतोही तसाच, म्हणून सगळे त्याला सम्राट म्हणतात, मीसुद्धा. त्याने उलट तक्रार केलीय की या लेखामुळे त्याचाच छळ झाला. कुलसचिवांनी लेख उतरवला आणि मुलीचं ग्रंथालयाचं कार्ड थांबवलं.

कुलगुरूंना नियमावलीत एक वाक्य हवं आहे. 'विद्यापीठातील कोणत्याही व्यक्तीच्या प्रतिष्ठेस बाध आणणारे लेखन वा वक्तव्य छळ समजले जाईल.' म्हणाले, "एवढं घाला, बाकी तुम्हाला हवं ते लिहा." मी कायदा शिकवतो. हे वाक्य घोंगडीसारखं आहे, कोणाच्याही तोंडावर टाकता येईल. ते मी घालणार नाही. तसं बोललो मात्र नाही.

सम्राटबद्दलचं काही पटत नाही. मोकळा माणूस आहे, पाठीवर थाप मारून बोलतो. मुलीने अर्थाचा अनर्थ केला असावा.

लेखाची प्रत घरी आणली. आमची ही मुद्रितशोधन करते, छापलेला कागद दिसला की हिच्या पेनाचं टोपण निघतंच. आज दोन्ही पानं वाचली आणि एकही खूण केली नाही. फक्त म्हणाली, "ही प्रत मला ठेवू दे." लेखाची भाषा खरोखरच चांगली आहे.

५ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी सम्राट आला. नेहमीच्या खुर्चीत बसला आणि विचारलं, "वहिनी कुठायत?" ही आत होती. डोकं दुखतंय म्हणाली. तो आला की हिचं डोकं बरोबर दुखतं, हा योगायोग मी चेष्टेने त्याला सांगितला. तो हसला नाही. चहा मीच केला.

म्हणाला, "मी त्या पोरीला बोट धरून संशोधन शिकवलं, आणि तिने माझ्या तोंडाला काळं फासलं. तू समितीत आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

"मी नियम लिहितोय," मी म्हणालो. "तुझ्या प्रकरणाचा निकाल नाही."

"तेच रे. नियम नीट लिही."

जाताना त्याने आतल्या बंद दाराकडे बघून "येतो वहिनी" म्हटलं. उत्तर आलं नाही. तो गेल्यावर मी हिला म्हटलं, एवढं तुटक वागणं बरं नाही. दीड वर्ष का होईना, हिला इतिहास विभागात तात्पुरती नोकरी त्याच्याच शिफारशीने मिळाली होती. हिला शिकवणं मानवलं नाही, हा काही त्याचा दोष नाही. ही भाजी निवडत होती. "बरं," म्हणाली.

७ ऑगस्ट, शुक्रवार

समितीची पहिली बैठक, ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, बांधणीला आलेल्या पुस्तकांच्या ढिगात. ग्रंथपालबाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "सर, तुमची त्यांची मैत्री आहे. तुम्हाला याच कारणासाठी नेमलंय असं नाही ना वाटत तुम्हाला?"

मला राग आला. मैत्री मी घरी ठेवतो, असं सांगितलं. "ठेवा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते वाक्य टिपून घेतलं.

गणितवाली मुलगी फार कमी बोलते, पण बोलते तेव्हा पंचाईत करते. कुलगुरूंचं वाक्य मी वाचून दाखवल्यावर म्हणाली, "सर, प्रतिष्ठेची व्याख्या काय?"

"तशी व्याख्या नाही."

"आणि बाध मोजायचा कसा?"

"मोजता येत नाही."

"मग हे विधान तपासताच येणार नाही. शिक्षा मात्र देता येईल."

वर्गात हीच गोष्ट सांगायला मला तासभर लागतो.

१२ ऑगस्ट, बुधवार

लेख लिहिणारी मुलगी समितीला भेटली. मला वाटलं होतं रडेल किंवा भांडेल. दोन्ही केलं नाही. वही उघडून तारखा वाचल्या. कोणत्या दिवशी बोलावलं, किती वाजता, कोणतं प्रकरण. मी विचारलं, "तक्रार का केली नाहीस? फलकावर का लावलंस?"

"तक्रारीचा अर्ज विभागप्रमुखांमार्फत द्यायचा असतो, सर."

ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. खरंच तसा नियम आहे. वीस वर्षांपूर्वीच्या ज्या समितीने केला, तिच्यात मीही होतो.

तिच्या सहामाही अहवालावर सम्राटची सही लागते. तो सही करत नाहीये. सप्टेंबरअखेर सही झाली नाही तर नोंदणी रद्द, चार वर्षांचं काम पाण्यात. हे ती दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगत होती.

१३ ऑगस्ट, गुरुवार

तारखा खोट्या वाटत नाहीत. पण माणूस घाबरला की साध्या गोष्टीही त्याला वेगळ्या दिसतात. दोन्ही खरं असू शकतं. तिची भीती खरी, आणि त्याच्या मनात काही नसणंही खरं.

हे वाक्य हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "कडी लावताना मनात काय असतं माणसाच्या?" मी म्हटलं, वाऱ्याने दार आपटत असेल. ही उठून गेली.

१९ ऑगस्ट, बुधवार

आज मसुद्यात खरी प्रगती झाली. टेबलावर तीन कागद होते.

पहिला 'कडी'. दुसरा परवा फलकावर लागलेला एका गटाचा कागद: मुलींना संशोधनाच्या जागा देणं म्हणजे जागा वाया घालवणं, त्या मध्येच सोडून जातात. तिसरा आज सकाळी वसतिगृहाच्या जिन्यात सापडला. त्या मुलीचं ओंगळ चित्र, खाली तिच्या खोलीचा क्रमांक आणि 'हिची कडी आम्ही उघडतो'.

ग्रंथपालबाईंना दुसरा आणि तिसरा दोन्ही बंद करायचे होते. मी म्हटलं, तिसरा आत्ता पोलिसांकडे द्या, पण दुसरा फलकावर राहू दे. त्या भडकल्या. "तुम्हाला काय जातंय? तुमची जागा कोणी वाया गेली म्हटलंय का कधी?"

"मत आहे ते, बाई. घाणेरडं आहे, पण मतच आहे. आज हे उतरवलं तर 'कडी' परत लावा असं कोणत्या तोंडाने म्हणणार?"

गणितवालीने मधला मार्ग सांगितला. त्या कागदाखाली कोरा मोठा कागद लावायचा, ज्याला जे उत्तर द्यायचं ते देईल. संध्याकाळी बघितलं तर कोरा कागद भरला होता. एका अक्षरावर माझी नजर थांबली. 'मध्येच सोडून जातात, बरोबर. कोणामुळे, ते विचारा.' अक्षर ओळखीचं वाटलं. माझीच कुणीतरी विद्यार्थिनी असेल.

मसुद्यात उतरलं ते असं: मत कितीही बोचलं तरी छळ नाही, अन्यायाबद्दल बोलणं छळ नाही, एका माणसाला गाठून, पुन्हा पुन्हा, त्याचं शिकणं किंवा काम अशक्य होईल असं वागणं हा छळ. तक्रार विभागाबाहेरच्या माणसांकडे. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही पूर्ण बाजू मांडायची संधी. आता हे कोणी हलवू शकणार नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

मसुदा हिला तपासायला दिला. दीड तास लाल पेन चाललं. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका निघाल्या, कायद्याच्या प्राध्यापकाला शोभणार नाहीत अशा. पण कलम नऊमध्ये हिने चूक नसताना खोडलंय. 'तक्रार घटनेपासून सहा महिन्यांच्या आत करावी', यातले 'सहा महिन्यांच्या आत' हे शब्द आडवे कापले आणि समासात लिहिलं, 'का?'

मी समजावून सांगितलं. पुरावे जुने होतात, साक्षीदार विसरतात, आरोप असलेल्या माणसाच्या डोक्यावर जन्मभर तलवार टांगून ठेवता येत नाही. अर्धा तास बोललो. हिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आणि ज्याला सांगायचं तो ऐकतच नसेल, तर सहा महिने कुठून मोजायचे?"

मुद्दा चांगला आहे, पण कायद्यात बसत नाही. शब्द तसेच ठेवले.

२७ ऑगस्ट, गुरुवार

कुलगुरूंनी मसुदा वाचला. त्यांचं वाक्य नाही म्हणून चेहरा उतरला. म्हणाले, परिषदेपुढे जाण्याआधी खुली सुनावणी घ्या, लोकच तुम्हाला सांगतील. त्यांना वाटतं प्राध्यापक मंडळी येऊन मसुदा फाडतील. येऊ देत. माझी तयारी आहे.

सम्राट व्हरांड्यात भेटला. "तू मला तोंडघशी पाडतोयस," म्हणाला. मी म्हटलं, "तुझ्यासाठी एक कलम आहे की त्यात, बाजू मांडायचं." तो म्हणाला, "मला बाजू मांडायची वेळ येऊ नये, यासाठी मित्र असतात." हे वाक्य दिवसभर डोक्यात घुमतंय.

९ सप्टेंबर, बुधवार

जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

सभागृह भरलं होतं. नियम सांगितले: प्रत्येकाला तीन मिनिटं, कोणाचं नाव घ्यायचं नाही. घंटा गणितवालीकडे. पहिले आठ जण अपेक्षेप्रमाणे बोलले. एक प्राध्यापक म्हणाले, आता वर्गात तोंड उघडायची सोय राहणार नाही. एक विद्यार्थी म्हणाला, आधी तरी कुठे होती. लोक हसले.

मी नववं नाव पुकारलं. बाईचं नाव, परकं आडनाव. मागच्या दारातून ही पुढे आली. हिने माहेरचं नाव दिलं होतं. मी ते मोठ्याने वाचलं आणि माझ्या लक्षातही आलं नाही.

हिच्या हातात कागद नव्हता. म्हणाली, "मी इथे सत्तावीस वर्षांपूर्वी दीड वर्ष शिकवलं. मला शिकवणं आवडायचं. उत्तरपत्रिका दाखवायला मला एका केबिनमध्ये बोलावलं जायचं आणि आतून कडी लावली जायची. तिथे काय झालं ते मी योग्य ठिकाणी लेखी देणार आहे. तिसऱ्या वेळी मी कडी काढून बाहेर आले आणि परत गेले नाही. सगळे म्हणाले, हिला शिकवणं मानवलं नाही. या मसुद्यात सहा महिन्यांच्या आत असं लिहिलंय. मला सत्तावीस वर्षं लागली, कारण मी ज्याला सांगितलं त्याने ऐकलं नाही. त्या मुलीने फलकावर लिहिलं. तिचा फलकही काढून घेतला तर तिने कुठे बोलायचं, एवढंच समितीने सांगावं."

तीन मिनिटं होऊन गेली होती. घंटा वाजली नाही.

तिसऱ्या रांगेत सम्राट उठला. "अध्यक्ष, हे बदनामीकारक आहे. हे नोंदीतून काढून टाका."

सगळे माझ्याकडे बघत होते, ही सोडून. ही पाणी पीत होती. मी म्हणालो, "वक्त्याने कोणाचंही नाव घेतलेलं नाही. बोलणं नोंदीत राहील. आपल्याला काही सांगायचं असेल तर यादीत नाव द्या. तीन मिनिटं मिळतील."

त्याने नाव दिलं नाही. निघून गेला. मी दहावं नाव पुकारलं.

१० सप्टेंबर, गुरुवार

सकाळी ही गॅलरीत बसली होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पुढच्या खोलीला नवे पडदे लावत होतो तेव्हा. तू स्टुलावर होतास, मी खालून कड्या देत होते. म्हटलं, त्यांच्या केबिनमध्ये जायचं मला नको वाटतं. तू म्हणालास, अगं तो सगळ्यांशीच तसा मोकळा आहे."

मला आठवत नाही. हेच हिला सांगितलं. ही म्हणाली, "तुला नसेलच आठवत. तुझ्या लेखी त्या दिवशी पडदेच लावले."

मी म्हणालो, "त्यानंतर तो इतकी वर्षं या घरात येत राहिला."

"हो," ही म्हणाली. "आणि चहा कमी गोड झाला तर तू मला हाक मारायचास."

११ सप्टेंबर, शुक्रवार

माझी बायको तक्रारदार होणार, तेव्हा मला अध्यक्षपदी राहता येणार नाही. कुलगुरूंकडे गेलो. राजीनामा ऐकून त्यांचा चेहरा इतका उजळला की मी जागच्या जागी सावध झालो. "फार योग्य निर्णय," म्हणाले. "आता हा विषय तूर्त बाजूला ठेवू."

खाली ग्रंथपालबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सोडलंत की मसुदा कपाटात जाईल आणि त्या पोरीची नोंदणी केराच्या टोपलीत." मग तिघांनी तासाभरात ठरवलं. अध्यक्ष ग्रंथपालबाई. 'सहा महिन्यांच्या आत' हे शब्द काढायचे. तो ठराव गणितवालीने मांडला, बाईंनी अनुमोदन दिलं, मी मत दिलं नाही. मसुदा आजच परिषदेच्या विषयपत्रिकेवर घालून पोच घेतली. त्यानंतर मी समिती सोडली. कुलगुरूंनी विचारलं, एवढी घाई का? बाई म्हणाल्या, "सहा आठवडे तुम्हीच दिले होते."

१८ सप्टेंबर, शुक्रवार

परिषदेत कुलगुरूंचं वाक्य मतदानाला टाकलं. सात विरुद्ध नऊने पडलं. मसुदा मंजूर. मुलीला दुसऱ्या मार्गदर्शक मिळाल्या, त्यांनी तिच्या अहवालावर दुपारीच सही केली. 'कडी' परत फलकावर लागला, आणि तो जागा वाया जाण्याचा कागदही त्याच्या शेजारी आहे. बाई म्हणाल्या, "तो बघून मला अजून मळमळतं. पण राहू दे."

सम्राटचा फोन आला. "तीस वर्षांची मैत्री अशी धुळीला मिळवलीस."

मी म्हटलं, "तुझं म्हणणं चौकशीत सांग. ते ऐकून घेतलंच पाहिजे, असं कलम आहे. मी लिहिलंय."

"आणि तू? तू कोणाच्या बाजूने?"

"हिच्या."

त्याने फोन ठेवला. सत्तावीस वर्षांपूर्वी हा शब्द मला इतका अवघड का गेला असेल?

२० सप्टेंबर, रविवार

हिने तक्रार लिहिली. मी मदत करू का विचारलं. "नको. मजकूर माझा आहे, आणि शुद्धलेखन तुझ्यापेक्षा बरं आहे." मग म्हणाली, "तक्रारीला त्या वेळचं काही लेखी असेल तर जोडायचंय. तू तेव्हाही रोज लिहायचास ना?"

माळ्यावरची पेटी काढली. त्या वर्षाची वही सापडली. पडद्यांचा दिवस सापडायला वेळ लागला नाही. तीन ओळी आहेत.

'नवे पडदे लावले. खोली उजळली. ही सम्राटच्या केबिनमध्ये जायला कुरकुरते, कडी लावतो म्हणे. समजूत घातली. हिला माणसांची पारख नाही.'

कडी हा शब्द माझ्याच अक्षरात आहे. हिने मला कडीसुद्धा सांगितली होती.

वही घेऊन बराच वेळ माळ्याच्या शिडीवर बसलो. खोटं कशाला लिहू, हे पान सापडलंच नाही असं सांगावं, हा विचार आला. चौकशीत ते मोठ्याने वाचलं जाईल. ग्रंथपालबाई ऐकतील, माझे विद्यार्थी ऐकतील. खाली ही आणि ती संशोधक मुलगी कागद लावत बसल्या होत्या, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. उतरलो आणि वही उघडीच हिच्यापुढे ठेवली.

हिने वाचलं. माझ्याकडे बघितलं नाही. मुलीला म्हणाली, "हे परिशिष्ट एक."

२१ सप्टेंबर, सोमवार

दोन्ही तक्रारी आज दिल्या, हिची आणि मुलीची. आवक विभागातल्या कारकुनाने पानं मोजली, शिक्के मारले. जुन्या वहीपाशी थांबला. म्हणाला, "हे खाजगी दिसतंय. मूळ वहीच जमा करायची? परत मिळायला वेळ लागेल."

ही म्हणाली, "त्यांना विचारा. वही त्यांची आहे."

मी म्हटलं, "मूळच घ्या."

त्याने नोंदवही पुढे ओढली. "हस्ताक्षर कोणाचं लिहू?"

"माझं," मी म्हणालो, आणि नाव, हुद्दा आणि त्या दिवशीची तारीख त्याला सावकाश सांगितली, चूक होऊ नये म्हणून.